समुद्राला न मिळणारं पाणी : हार्नी काउंटीतले पाच दिवस

पहिला दिवस : बीव्हरटन ते बर्न्स

अण्णा, म्हणजे माझे वडील, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले त्याला चौदा वर्षं झाली, पण नव्या मुलखात गेले की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. इथलं पाणी कुठून येतं आणि कुठं जातं? ते आमच्याकडे अमेरिकेतल्या ऑरेगॉन राज्यात, पोर्टलंडजवळच्या बीव्हरटनला आले तेव्हा पोर्टलंडच्या आसपासचे धबधबे, झाडी, कोलंबिया नदी सगळं दाखवून झालं. चौथ्या आठवड्यात म्हणाले, "छान आहे गं सगळं, पण हे कोकण झालं. घाटावरचा दुष्काळी मुलूख दाखव की."

त्यांचं बरोबर होतं. ऑरेगॉनला उभी चिरत कॅस्केड पर्वतरांग जाते. पॅसिफिकवरून येणारे ढग पश्चिमेला रिकामे होतात आणि पलीकडे पर्जन्यछायेचा कोरडा मुलूख पसरतो. सह्याद्रीच्या पूर्वेला पारनेर आहे तसा. म्हणून जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही बापलेक हार्नी काउंटीला निघालो.

काउंटी म्हणजे ढोबळमानानं आपला जिल्हा. हार्नीचं क्षेत्रफळ सुमारे २६,५०० चौरस किलोमीटर. आमचा नगर जिल्हा, आताचा अहिल्यानगर, महाराष्ट्रात सगळ्यात मोठा, तो १७,००० चौरस किलोमीटरचा. म्हणजे नगरच्या दीडपट जागा, आणि २०२० च्या जनगणनेत माणसं ७,४९५. नगर जिल्ह्यात २०११ मध्येच ४५ लाखांवर होती. अण्णांनी मला आकडा दोनदा विचारला. "साडेसात हजार म्हणजे आपल्याकडचं एक बाजाराचं गाव झालं," म्हणाले.

पहाटे पाचला निघालो. माउंट हूडच्या कुशीतून घाट चढलो तेव्हा दोन्ही बाजूंना ओली, काळोखी झाडी होती. उतरायला लागलो तशी झाडी विरळ झाली, पाइन आले, मग खुरटे ज्युनिपर, मग तेही थांबले. महाबळेश्वरहून वाईला उतरताना हवा बदलत जाते, तसंच, फक्त फार मोठ्या मापात. बेंड गावात टाकी भरून घेतली. तिथून बर्न्स २१० किलोमीटर आणि वाटेत ब्रदर्स, हॅम्प्टन, रायली अशी नावापुरती ठिकाणं. रस्ता इतका सरळ की समोरून येणारी गाडी पाच मिनिटं आधीपासून दिसत राहायची.

रायलीच्या अलीकडे पाय मोकळे करायला थांबलो. चहूकडे गुडघ्याएवढी राखाडी झुडपं. याला इकडे सेजब्रश म्हणतात. अण्णांनी एक पान खुडलं, दोन बोटांत चुरगळलं, नाकाशी धरलं आणि माझ्याकडे बघतच राहिले. "अगं, हा दवणा आहे!"

मी वास घेतला. खरंच दवणा. चैत्रात देवाला वाहतात तोच कडवट, थंड वास, जरा जास्त उग्र. रात्री खोलीवर गेल्यावर शोधलं. आपला दवणा आर्टेमिसिया पॅलेन्स आणि सेजब्रश आर्टेमिसिया ट्रायडेंटाटा. दोघं एकाच वंशातले. पान मऊ, लव असलेलं, टोकाला तीन बारीक दाते. ती राखाडी लव उन्हात पाणी टिकवण्यासाठी असते. अण्णांनी एक डहाळी सदऱ्याच्या खिशात ठेवली.

याच रायलीजवळ रिमरॉक ड्रॉ नावाची खडकाची कपार आहे. ऑरेगॉन विद्यापीठाच्या पुरातत्त्वज्ञांना तिथे माणसानं घडवलेली दगडी हत्यारं आणि नामशेष झालेल्या उंटाच्या दाताचे तुकडे सापडले. दाताचं वय १८,००० वर्षांवर निघाल्याचं २०२३ मध्ये जाहीर झालं. उत्तर अमेरिकेतल्या मानवी वस्तीच्या सर्वांत जुन्या खुणांपैकी ही एक. पुढचे पाच दिवस हे माझ्या डोक्यात राहिलं. ज्याला नकाशावर रिकामा मुलूख म्हणतात, तिथे माणूस इतका जुना आहे.

बर्न्स हे काउंटीचं मुख्य गाव, वस्ती २,७३०. रॉबर्ट बर्न्स या स्कॉटिश कवीचं नाव या गावाला दिलंय. गावाला लागूनच हाइन्स, जे १९३० च्या सुमाराला एका मोठ्या लाकूड गिरणीमुळे वसलं. १९८० च्या दशकात गिरणी बंद पडली, रेल्वेही थांबली, आणि १९८० ते १९९० या दहा वर्षांत काउंटीतली हजारावर माणसं कमी झाली.

दुसरा दिवस : मॅल्हूरचं तळं

सकाळी दक्षिणेला निघालो. बर्न्सपासून काही मैलांवर रस्ता एका लांबलचक सपाट माथ्याच्या टेकडीवर चढतो. हा राइट्स पॉइंट. याची गोष्ट मला आधीच माहीत होती आणि अण्णांना सांगायची मी रात्रीपासून वाट बघत होते. एके काळी इथे नदीचं खोरं होतं. ज्वालामुखीचा लाव्हा त्या खोऱ्यातून वाहिला आणि पात्र भरून थिजला. दोन्ही काठांची मऊ माती लाखो वर्षांत झिजून गेली आणि कठीण लाव्हा तेवढा उरला. म्हणजे जी टेकडी दिसते ती मुळात नदीचं पात्र. काठ गेले, नदी उरली, तीही डोंगर होऊन.

अण्णांनी गाडी थांबवायला लावली. खाली उतरून त्या माथ्याच्या वळणांकडे किती तरी वेळ बघत होते. मग हातानं हवेत प्रवाह दाखवला, "हे बघ, असं वळण घेतलंय. नदीच आहे."

राइट्स पॉइंटवरून पुढे बशीसारखा सखल, अफाट मैदानी भाग दिसतो. हे हार्नी खोरं. उत्तरेच्या डोंगरातून सिल्व्हीज नदी येते, दक्षिणेच्या स्टीन्स पर्वतातून डॉनर अंड ब्लिट्झन. दोन्ही मॅल्हूर तळ्यात येतात. तळं भरलं की पाणी पश्चिमेला हार्नी तळ्यात सरकतं आणि तिथे खारं होऊन उन्हानं उडून जातं. समुद्राला थेंबही जात नाही. फार पूर्वी इथलं पाणी पूर्वेच्या मॅल्हूर नदीत उतरायचं, पण लाव्हानं ती वाट बुजवली. अण्णांच्या प्रश्नाला असं उत्तर आजवर कुणी दिलं नव्हतं. इथलं पाणी कुठं जातं? कुठंच नाही.

डॉनर अंड ब्लिट्झन हे नाव जर्मन, अर्थ मेघगर्जना आणि वीज. १८६४ मध्ये लष्कराची एक तुकडी वादळात ही नदी ओलांडत होती, तेव्हा पडलं. मॅल्हूर हे नाव फ्रेंच, म्हणजे दुर्भाग्य. १८२० च्या दशकात फरचा व्यापार करणाऱ्या हडसन्स बे कंपनीच्या फासेपारध्यांनी मॅल्हूर नदीकाठी लपवून ठेवलेला माल चोरीला गेला, त्यावरून. चोरी झाली परक्यांची आणि दुर्भाग्य चिकटलं नदीला, मग तळ्याला.

तळ्याकाठी मॅल्हूर राष्ट्रीय पक्षी अभयारण्याचं मुख्यालय आहे. कॉटनवुडची उंच झाडं, दगडी इमारती, आणि मच्छर. काळे शराटी ओळीनं उडत होते, पिवळ्या डोक्याचे ब्लॅकबर्ड पाणगवतावर बसून दार करकरावं तसे ओरडत होते. दूर पांढऱ्या पेलिकनांचा थवा गोल फिरत वर चढत होता. पुढे कुरणात सँडहिल जातीच्या करकोच्यांची जोडी दिसली, मध्ये त्यांचं तांबूस पिल्लू. नर एक पाऊल टाकायचा, थांबायचा, पिल्लू जवळ आलं की पुढचं टाकायचा. गाडीतूनच पंधरा मिनिटं पाहिलं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथले बगळे जवळजवळ संपले होते. बायकांच्या टोप्यांवर बगळ्याची पिसं लावायची फॅशन होती आणि वजनाला ती सोन्याहून महाग. विणीच्या दिवसांतली पिसं सर्वांत सुंदर, म्हणून शिकारी नेमके तेव्हाच घरट्यांवर जायचे. आईबाप मारले की पिल्लं भुकेनं मरायची. विल्यम फिनली आणि हर्मन बोलमन या दोघांनी १९०८ मध्ये इथे येऊन छायाचित्रं काढली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टनी तळं राखीव केलं.

पण तळं राखीव झालं, पाणी नाही. वर ब्लिट्झनचं पाणी रँचवाले, म्हणजे गुरांचे मोठे मळे चालवणारे, वळवत होते. १९३० च्या दशकातल्या दुष्काळात तळं आटलं. तेव्हा सरकारनं १९३५ मध्ये ब्लिट्झन खोऱ्यातली ६५,००० एकर जमीन विकत घेतली, म्हणजे पर्यायानं नदीच. मंदीतल्या बेकार तरुणांच्या पथकांनी बंधारे, कालवे, रस्ते बांधले. अण्णांनी एका दरवाजाची कळ निरखून पाहिली. "आयुष्यभर पाळीपत्रकं केली," ते म्हणाले, "उसाला इतकं, गव्हाला इतकं. पक्ष्यांसाठी आवर्तन सोडतात, हे पहिल्यांदा बघतोय." त्यांच्या आवाजात आदर होता.

आज तळ्याचा मोठा शत्रू एक मासा आहे, कार्प. शंभर वर्षांपूर्वी या पाण्यात आला. तळ ढवळून पाणी गढूळ करतो, बदकं ज्यावर जगतात ती पाणवनस्पती उपटतो. एके काळी इथे उतरणाऱ्या बदकांच्या मानानं आता फार थोडी येतात.

२०१६ च्या जानेवारीत याच मुख्यालयाचा सशस्त्र माणसांनी ताबा घेतला होता. नेवाडातल्या एका पशुपालक कुटुंबातले भाऊ त्यांचे म्होरके. काउंटीतली सुमारे तीन-चतुर्थांश जमीन केंद्र सरकारची आहे आणि ती लोकांना परत द्या, असं त्यांचं म्हणणं. ४१ दिवस ते चाललं, पोलिसांच्या गोळीनं एक जण गेला. ताबा घेणाऱ्यांत बाहेरचेच बहुसंख्य होते. इथल्या रँचवाल्यांच्या चराईबद्दल तक्रारी आहेत आणि त्या खऱ्या आहेत, पण त्याआधीची काही वर्षं हेच रँचवाले, पक्षीवाले आणि सरकारी माणसं एका टेबलाशी बसून अभयारण्याचा आराखडा करत होती. त्या कामाची बातमी देशभर झाली नाही. आणि "परत" म्हणजे नेमकं कुणाला, हा प्रश्न पाचव्या दिवशी आमच्यासमोर आला.

दुपारी डायमंड गावाजवळचं पीट फ्रेंचचं गोल गोठाघर पाहिलं. १८७२ मध्ये तेवीस वर्षांचा पीट फ्रेंच कॅलिफोर्नियाहून बाराशे गुरं आणि मेक्सिकन गुराखी घेऊन इथे आला. ते गुराखी म्हणजे व्हाकेरो. त्या शब्दाचं बोलीत "बकारू" झालं आणि इथला गुराखी आजही स्वतःला काउबॉय न म्हणता बकारू म्हणवतो. पंचवीस वर्षांत फ्रेंचकडे लाखाहून जास्त एकर जमीन आणि हजारो गुरं झाली, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ब्लिट्झनचं पाणी. हिवाळ्यात बाहेर बर्फ असताना घोडे शिकवायला त्यानं ही इमारत बांधली. व्यास शंभर फूट. मध्ये दगडी भिंतीचं रिंगण, त्याभोवती घोडे गोल गोल पळवायची वाट. छप्पर ज्युनिपरच्या अख्ख्या खोडांवर तोललेलं. आत अंधार, गारवा आणि पाकोळ्यांची घरटी. एका खांबावर हात ठेवला, तर जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीपर्यंतचा भाग घोड्यांच्या अंगांनी घासून गुळगुळीत झालेला.

१८९७ च्या नाताळाच्या दुसऱ्या दिवशी एड ऑलिव्हर या छोट्या वस्तीकऱ्यानं फ्रेंचला गोळी घातली. दोघांत जमिनीच्या वहिवाटीवरून वाद होता, फ्रेंचच्या हातात शस्त्र नव्हतं. ज्युरीनं ऑलिव्हरला निर्दोष सोडलं. ज्युरीत बसणारी माणसंही छोटी जमीन धरून बसलेलीच होती. अण्णा म्हणाले, "बांधावरून खून आणि साक्षीला सगळा गाव. हे मला समजावून सांगायला नको."

मुक्कामाला फ्रेंचग्लेन. फ्रेंच आणि त्याचा सासरा व भागीदार ह्यू ग्लेन यांची नावं जोडून झालेलं गाव. ग्लेनचाही खूनच झाला होता, १८८३ मध्ये. आता गावात डझनभर माणसं. जेवण एकाच लांब टेबलावर सगळ्यांसोबत.

तिसरा दिवस : स्टीन्स पर्वत

या दिवसाबद्दल मला सगळ्यात जास्त लिहायचंय आणि सगळ्यात कमी जमेल.

स्टीन्सला पश्चिमेकडून चढलं तर पर्वत चढतोय असं वाटतच नाही. उतार इतका सौम्य की पन्नास किलोमीटर गाडी नुसती वर वर जात राहते. आधी सेजब्रश, मग ज्युनिपर, मग अ‍ॅस्पेनची पांढऱ्या खोडांची बनं. काही खोडांवर जुनी कोरीव अक्षरं आहेत. स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरून आलेल्या बास्क मेंढपाळांनी उन्हाळ्याच्या एकटेपणात कोरलेली नावं, तारखा. झाड वाढत गेलं तशी अक्षरं रुंदावली. आमच्या गावावरून दिवाळीनंतर खाली उतरणारे धनगरांचे वाडे अण्णांना आठवले. ते म्हणाले, "आपली माणसं घोळक्यानं असतात तरी. हा बिचारा एकटा."

मग कायगर दरी. हिमनदीनं कोरलेली, तळ गोलसर, इंग्रजी यू अक्षरासारखी, दोन हजार फूट खोल. तळाशी ओढ्याची हिरवी रेघ, बाजूच्या कड्यांवर जुलैतही बर्फाचे पट्टे.

आणि पूर्वेची कड. गाडीतून उतरून पन्नास पावलं चाललो आणि जमीन संपली. समोर सरळ खाली, सुमारे साडेपाच हजार फूट, अल्व्हर्डचं पांढरं वाळवंट. पर्वताचा माथा २,९६७ मीटर, म्हणजे कळसूबाईच्या पावणेदोनपटीहून जास्त. पश्चिमेला निवांत उतार आणि पूर्वेला एकदम तुटलेला कडा. जमीन ताणली गेली, भेग पडली, एक बाजू उचलली गेली, दुसरी खचली. पश्चिमेच्या ढगांचं उरलंसुरलं पाणी हा पर्वत बर्फाच्या रूपात अडवून ठेवतो, म्हणून ब्लिट्झन वाहते. कड्याखाली काही उरत नाही.

अण्णा वाळवंटाकडे बघतच नव्हते, ते कड्याकडे बघत होते. "पायऱ्या मोज," म्हणाले. कड्यात एकावर एक आडवे काळे थर होते. हा बेसाल्ट, आपलाच काळा पाषाण. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर दिसतात तसेच थर, एकेक थर म्हणजे लाव्हाचा एकेक लोंढा. आपला दख्खनचा बेसाल्ट सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा, स्टीन्सचा सुमारे १ कोटी ६७ लाख वर्षांपूर्वीचा. पुढे उत्तरेला कोलंबिया नदीच्या खोऱ्यात पसरलेल्या प्रचंड लाव्हाची ही सुरुवात. स्टीन्सचा लाव्हा थिजत असताना पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव उलटत होते आणि ते उलटणं थराथरात नोंदलं गेलंय. जगभरचे भूशास्त्रज्ञ त्यासाठी या कड्याचे नमुने नेतात.

माथ्यावर वारा इतका की बोललेलं ऐकू येत नव्हतं. मी एकटीच अर्धा मैल चालून शिखरावर जाऊन आले. परत आले तेव्हा अण्णा एका दगडावर बसून थरांची नोंद वहीत करत होते, कालव्याचा उभा छेद काढतात तसा.

२००० मध्ये अमेरिकी संसदेनं स्टीन्ससाठी खास कायदा केला. माथ्याच्या आसपास १,७०,००० एकर जागा संरक्षित रान ठरली आणि त्यातला मोठा भाग गुरांना बंद झाला. तसं करताना रँचवाल्यांशी जमिनींची अदलाबदल केली. वाटाघाटींतून झालेलं काम आहे ते, आणि टिकलंय.

चौथा दिवस : फील्ड्स आणि अल्व्हर्ड

फ्रेंचग्लेनहून दक्षिणेला कॅटलो खोरं. १९१० च्या आसपास इथे फुकट जमिनीच्या आशेनं शेकडो कुटुंबं आली, नांगरट केली, शाळा, टपाल कचेऱ्या उघडल्या. पाऊस पुरला नाही, गहू आला नाही, दहा-बारा वर्षांत बहुतेक निघून गेली. एकदोन मोडकी लाकडी घरं दुरून दिसली.

फील्ड्स म्हणजे एक पेट्रोलपंप, दुकान, खानावळ आणि चार-दोन खोल्या. १८८१ मध्ये नेवाडातल्या विनेमक्काला जाणाऱ्या घोडागाड्यांचा थांबा म्हणून सुरू झालं. इथलं मिल्कशेक प्रसिद्ध आहे आणि ती प्रसिद्धी योग्य आहे.

जवळच बोरॅक्स लेक. जमिनीखालून गरम पाणी येतं, त्यातल्या क्षारांचा थर साचत साचत तळं आसपासच्या जमिनीपेक्षा उंच झालंय, ओट्यावर ठेवलेल्या परातीसारखं. १८९० च्या दशकात चिनी मजूर इथला क्षार खरवडून कढवायचे आणि खेचरांच्या गाड्या तो विनेमक्काला न्यायच्या. त्या मजुरांच्या नावांचा एकही फलक इथे नाही. याच कोमट, आर्सेनिकयुक्त पाण्यात बोटाएवढा मासा राहतो, बोरॅक्स लेक चब. जगात दुसरीकडे कुठेही नाही. संकटग्रस्त यादीत होता. तळं आणि भोवतालची जमीन जपल्यामुळे २०२० मध्ये यादीतून निघाला. काठावर ओणवं होऊन बघितलं तर उथळ पाण्यात सावलीसारखे सरकताना दिसले.

अल्व्हर्डकडे जाणारा रस्ता खडीचा. फील्ड्सच्या उत्तरेला दहा-बारा मैलांवर मागचं चाक फाटलं. गाडी भाड्याची होती, जॅकचा दांडा निघाला वाकडा. फोनला रेंज नाही. ऊन मी म्हणत होतं, पण पाणी भरपूर घेतलं होतं. चाळीस मिनिटांनी एक पिकअप आला आणि न सांगता थांबला. साठीचा रँचवाला, मागे दोन कुत्री. दहा मिनिटांत चाक बदललं. पैशांचं विचारलं तर हातानंच नको म्हणाला. इकडे थांबलेली गाडी सोडून कुणी पुढं जात नाही. अण्णांनी मला दुभाषी करून त्याला विचारलं, गुरांना हिवाळ्यात काय घालता? रानगवताची वैरण. पाणी कसं देता? वसंतात बर्फ वितळलं की ओढा कुरणात सोडून द्यायचा, मोकाट. किती कापण्या? एकच. अण्णांनी मान डोलावली. दोघांनी बराच वेळ एकमेकांचा हात धरून हलवला.

संध्याकाळी अल्व्हर्डच्या तळावर उतरलो. आटलेल्या तळ्याचा पांढरा, सपाट, तडकलेला तळ, दहा मैलांहून लांब. एकेक तुकडा तळहाताएवढा, कडा किंचित वर वळलेल्या, पापडासारख्या. पावलाखाली वाजतात. या सपाटीवर १९७६ मध्ये किटी ओ'नील या कर्णबधिर स्त्रीनं रॉकेटच्या तीनचाकी गाडीतून ताशी ८०० किलोमीटरहून जास्त वेग गाठला होता. तो विक्रम मोडायच्या प्रयत्नात २०१९ मध्ये जेसी कोम्ब्सनं इथेच प्राण गमावले, आणि विक्रम तिच्या नावावर मरणोत्तर नोंदला गेला.

सूर्य स्टीन्सच्या मागे गेला तशी पर्वताची सावली वाळवंटावरून धावत पूर्वेला गेली. काल ज्या कडेवर उभे होतो ती आता डोक्यावर होती. अंधार पडल्यावर आकाशगंगा क्षितिजापासून क्षितिजापर्यंत. अण्णांनी सप्तर्षी, अरुंधती, स्वाती, चित्रा दाखवले. मला लहानपणी गच्चीवर दाखवायचे त्याच क्रमानं.

पाचवा दिवस : क्रेन, हार्नीची छावणी आणि परतीची वाट

सकाळी उत्तरेला मोठ्या रस्त्याला लागलो आणि क्रेन गावी थांबलो. इथल्या सरकारी हायस्कुलाला वसतिगृह आहे, अमेरिकेत फार थोड्या सरकारी शाळांना असतं. दूरदूरच्या रँचवरची मुलं आठवडाभर इथे राहतात आणि सुट्टीला घरी जातात. शाळा बंद होती. खिडकीतून दुमजली खाटांची रांग दिसली. मी आठवीपासून नगरला बोर्डिंगात होते. शनिवारी दुपारी एसटीची वाट बघणं म्हणजे काय असतं ते मला माहीत आहे.

क्रेनच्या पुढे मोठी हिरवी वर्तुळं दिसू लागली. फिरत्या फवाऱ्यांखालचा लसूणघास. हे पाणी बोअरचं. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्यानं २०२२ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. हार्नी खोऱ्यात मुरतं त्यापेक्षा जास्त उपसलं जातंय आणि काही भागात पातळी शंभर फुटांहून जास्त खाली गेली आहे. अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "घासाला पाणी लई लागतं. यांना कुणीतरी हिवरे बाजार दाखवायला पाहिजे." आमच्या नगर तालुक्यातल्या त्या गावानं दर वर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून मगच पिकं ठरवायची आणि शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही, असा नियम केला. इथेही आता उपसा कमी करायच्या वाटाघाटी चालू आहेत, आणि ज्यांचं घर घासावर चालतं त्यांच्यासाठी त्या सोप्या नाहीत.

बर्न्सच्या पूर्वेला जुन्या लष्करी छावणीची जागा आहे, कॅम्प हार्नी. आता तिथे काही उभं नाही. गवत, ओढा, टेकडी.

या सगळ्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहणारे लोक म्हणजे उत्तरी पायूट. इथल्या गटाचं नाव वाडाटिका, वाडा खाणारे. वाडा हे तळ्याकाठच्या खारट जमिनीत उगवणारं झुडूप, त्याचं बारीक काळं बी ते गोळा करायचे. वसंतात कंद, उन्हाळ्यात मासे आणि बी, शरदात ससे. कुटुंबं विखुरलेली, कारण मुलूख एका जागी सगळ्यांना पोसत नाही. माणसं विरळ होती, पण जमीन मोकळी नव्हती.

१८७२ मध्ये सरकारनं त्यांना सुमारे १८ लाख एकरांचं मॅल्हूर राखीव क्षेत्र दिलं. त्याच वर्षी पीट फ्रेंच आला. वस्तीकरी आत घुसत गेले, चांगला अधिकारी काढून वाईट नेमला, उपासमार झाली. १८७८ मध्ये बॅनॉक युद्ध पेटलं, बॅनॉक या दुसऱ्या मूळनिवासी जमातीचं लष्कराशी. पायूटांतले काही त्यात ओढले गेले, पुष्कळ गेले नाहीत. त्यांचा म्होरक्या ईगन मारला गेला. शिक्षा सगळ्यांना झाली. जानेवारी १८७९ मध्ये, भर बर्फात, याच छावणीतून पाचशेहून जास्त पायूट बायका, मुलं, म्हातारे साडेपाचशे किलोमीटर उत्तरेला, वॉशिंग्टनमधल्या याकिमा इथे नेले गेले. सॅरा विनेमक्का ही पायूट स्त्री लष्कराची दुभाषी होती. ही बातमी आपल्याच लोकांना सांगायची वेळ तिच्यावर आली. पुढे १८८३ मध्ये तिनं ही हकीगत इंग्रजीत लिहून छापली. वाटेत बाळंत झालेली बाई आणि तिचं बाळ थंडीनं गेलं, एक म्हातारा रस्त्यावर गोठला, असं तिनं लिहून ठेवलंय. राखीव क्षेत्र रद्द झालं आणि जमीन वस्तीसाठी खुली केली गेली.

अण्णांनी टोपी काढली होती. "धरणाखाली गाव जाताना मी पंचनामे केलेत," ते म्हणाले. "एक म्हातारी जात्याच्या खुंट्याला धरून बसली होती. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा. तिला म्हटलं, आजी, पुढं चांगली जमीन मिळणार आहे." एवढंच. मी पुढे काही विचारलं नाही.

पायूट हळूहळू परत आले. आपल्याच मुलखात, बर्न्सच्या कडेला, तंबूंत राहिले. राहायला पहिली जागा मिळाली ती गावच्या जुन्या कचराडेपोची दहा एकर. १९६८ मध्ये सरकारनं बर्न्स पायूट जमातीला मान्यता दिली, १९७२ मध्ये छोटं राखीव क्षेत्र झालं. ईगनची कवटी लष्करी वैद्यकीय संग्रहालयात नेली होती, ती १९९९ मध्ये जमातीला परत मिळाली आणि दफन झाली.

बर्न्सला पेट्रोल भरताना अण्णांनी बॉनेटवर नकाशा पसरला. मी त्यांना लोगन व्हॅली दाखवली, बर्न्सच्या ईशान्येला, काउंटीच्या हद्दीबाहेर. डोंगरातलं कुरण. पूर्वज उन्हाळ्यात तिथे जायचे. जमातीनं २००० मध्ये ते विकत घेतलं आणि कुरण, ओढे, मासे जपायचं काम चालवलंय.

"पाणी कुठं जातं तिथलं?" त्यांनी विचारलं.

ते मॅल्हूर नदीचं उगमक्षेत्र आहे. त्यांनी चष्मा सारखा केला आणि निळ्या रेघेवर बोट ठेवून निघाले. मॅल्हूर, पुढे स्नेक, पुढे कोलंबिया. बोट आमच्या घराच्या वरून पश्चिमेला गेलं आणि नकाशाच्या कडेला टेकलं.

"हे मात्र समुद्राला मिळतं," अण्णा म्हणाले. "तुमच्या पोर्टलंडवरून."